कोणीच वाईट नसलेले भांडण

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, आणि बाहेर एवढा बर्फ पडत असताना मुलाबाळांसह आलेल्या रसिकहो, नमस्कार.

आज मी रीमा लागू यांच्याविषयी बोलणार आहे, आणि तेही त्यांच्या हिंदी दूरचित्रवाणीवरच्या विनोदी भूमिकांविषयी. हा विषय मला आमच्या घरातल्या एका प्रश्नाने दिला. माझ्या सासूबाई सध्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आहेत. गेल्या महिन्यात त्या आणि माझी तेरा वर्षांची मुलगी दुपारी सोफ्यावर बसून रीमा लागूंच्या ‘तू तू मैं मैं’ या सासू-सुनेच्या हिंदी मालिकेचे जुने भाग बघत होत्या. दोन भाग झाल्यावर मुलीने विचारले, “आजी, या दोघी सारख्या भांडतात, पण यांच्यातली वाईट कोण आहे?” सासूबाई म्हणाल्या, “कोणीच नाही गं.” “मग भांडतात कशाला?” “एका घरात राहतात म्हणून.” मुलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, “आपणही एका घरात राहतो. पण आपल्याकडे कोणी भांडत नाही, सगळे नुसते गप्प होतात.”

या वाक्याने मला अजून स्वस्थ बसू दिलेले नाही. ते माझ्या घराबद्दल आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या घरांबद्दल आहे, आणि माझी खात्री आहे की ते रीमाताईंच्या अभिनयाबद्दलही आहे.

रीमा लागू म्हटले की आपल्याला पडद्यावरची आई आठवते. ‘मैंने प्यार किया’ १९८९ चा. त्यात त्या ज्याच्या आई झाल्या त्या सलमान खानपेक्षा त्या जेमतेम साडेसात वर्षांनी मोठ्या होत्या. १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये तर मुलगा झालेला संजय दत्त त्यांच्यापेक्षा एका वर्षाने लहान. वयाच्या तिशीत एखाद्या अभिनेत्रीला कायमची आई करून टाकण्याची ही रीत मला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे. पण त्याहून मोठा अन्याय आपण प्रेक्षकांनी केला, तो म्हणजे त्या आईच्या पदराआड आपण त्यांच्यातली विनोदी नटी विसरलो. मे २०१७ मध्ये त्या गेल्या, तेव्हा आपल्या मंडळींनी एकमेकांना जे संदेश पाठवले त्यांत ‘सर्वांची लाडकी आई’ पुन्हा पुन्हा होती, आणि त्यांच्या विनोदी मालिकांतली कोकी किंवा देवकी क्वचितच होती.

त्यांचे मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या नामवंत अभिनेत्री होत्या. शाळा पुण्याची हुजूरपागा. १९७९ पासून त्या मुंबईत युनियन बँकेत नोकरीला होत्या, आणि नोकरी करता करताच बँकांच्या सांस्कृतिक स्पर्धा, व्यावसायिक नाटक, चित्रपट असे सगळे चालू होते. दिवसभर खातेवह्या आणि संध्याकाळी तिसरी घंटा, अशा दुहेरी आयुष्यातून आपल्या रंगभूमीची एक अख्खी पिढी घडली, हे इथल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मध्ये नाना पाटेकरांसमोर त्या उभ्या राहिल्या आणि ‘सविता दामोदर परांजपे’मध्ये त्यांनी प्रेक्षकांच्या अंगावर काटा आणला. ही दोन्ही नाटके विनोदी नव्हेत, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. त्यांचा विनोद गंभीर नाटकाच्या तालमीतून आला होता. समोरच्याचे वाक्य खरोखर ऐकल्याशिवाय आपले वाक्य उच्चारायचे नाही, ही त्या तालमीची शिस्त त्यांनी हिंदी मालिकांच्या सेटवरही सोडली नाही.

दूरदर्शनवर १९८५ च्या ‘खानदान’मध्ये त्या होत्याच. पण खरे वर्ष १९९४. त्या वर्षी चित्रपटगृहांत ‘हम आपके हैं कौन’मध्ये त्या माधुरी दीक्षितच्या आई होत्या, आणि त्याच काळात घराघरांत त्यांचे दुसरेच रूप पोहोचत होते. अधिकारी बंधूंनी निर्मिलेल्या ‘श्रीमान श्रीमती’ या मालिकेत त्या कोकिळा कुलकर्णी झाल्या. या मालिकेकडे आपण आपलेपणाने पाहायला हवे, कारण तिचे लेखन अशोक पाटोळे यांचे, दिग्दर्शन राजन वाघधरे यांचे, आणि केशव कुलकर्णी हा मराठी नवरा उभा केला होता गुजराती रंगभूमीवरच्या जतीन कणाकिया यांनी. शेजारच्या घरात अर्चना पूरन सिंग यांची चित्रपटतारका प्रेमा शालिनी आणि राकेश बेदी यांचा घर सांभाळणारा दिलरुबा. प्रत्येक नवऱ्याला दुसऱ्याची बायको आवडते, एवढ्या एका धाग्यावर मालिका चालली. असा विषय घसरायला वेळ लागत नाही. तो घसरला नाही, याचे मोठे श्रेय मी कोकीला देते. तिघे जण आपापल्या परीने उधळलेले असताना ती मात्र आपल्या घरात, आपल्या स्वयंपाकात आणि आपल्या नवऱ्यावरच्या संशयात पूर्ण खरी असायची. ती हसवायला उभी आहे असे एका क्षणालाही वाटत नसे, आणि म्हणूनच आजूबाजूच्यांचा वेडेपणा उठून दिसे. कणाकिया १९९९ मध्ये अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांनी आणि रीमाताईंनी मिळून उभे केलेले कुलकर्ण्यांचे घर आजही पाहिले, तर दोन रंगभूमींवरचे दोन कसलेले कलाकार एकमेकांना किती जागा देतात हे लक्षात येते.

१९९४ मध्येच सचिन पिळगांवकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘तू तू मैं मैं’ सुरू झाली. आधी दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर, मग स्टार प्लसवर, अशी ती अनेक वर्षे चालली. आपल्यापैकी जे तेव्हा नुकते परदेशात आले होते, त्यांना भारतीय किराण्याच्या दुकानातून तांदळाच्या पिशवीबरोबर भाड्याने आणलेल्या कॅसेटी आठवत असतील. सासू देवकीच्या भूमिकेत रीमाताई आणि सून राधाच्या भूमिकेत सुप्रिया पिळगांवकर. दोघींच्या वयात प्रत्यक्षात नऊ वर्षांचे अंतर होते, तरीही सासू सासूच वाटली. पांढऱ्या केसांनी किंवा वाकलेल्या पाठीने हे साधले नव्हते. चालण्यातला सावकाशपणा, पदर खोचण्याची पद्धत आणि आपले म्हणणे शेवटचेच असणार हा आवाजातला विश्वास, एवढ्यावर त्यांनी ती बाई उभी केली.

मी हे भाग आता सासूबाईंबरोबर पुन्हा पाहिले, आणि एका गोष्टीने थक्क झाले. चित्रपटातल्या आईसाठी रीमाताई जो मऊ, थोडा ओलसर आवाज वापरत, तोच आवाज त्या टोमण्यासाठी वापरतात. आवाज चढत नाही. उलट तो खाली येतो, त्यात माया भरते, आणि नेमक्या त्या मायेतून सुनेला लागेल असे वाक्य निघते. मग त्या थांबतात. सुप्रियाताईंच्या चेहऱ्यावर ते वाक्य पोहोचेपर्यंत थांबतात. सुप्रियाताईही त्याच तोडीच्या असल्याने उत्तर यायला उशीर होत नाही, पण घाईही होत नाही. हा दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहातला थांबा आहे. प्रेक्षकांचा हशा किती वेळ चालेल याचा अंदाज ज्यांनी वर्षानुवर्षे रंगमंचावर घेतला आहे, त्यांनाच तो जमतो.

आणि दोघींपैकी कोणीच वाईट नाही. देवकीला मनापासून वाटते की हे घर तिने सांभाळले आहे आणि त्यात तिचे ऐकले गेले पाहिजे. राधालाही मनापासून वाटते की हे घर आता तिचेही आहे. दोघींचेही बरोबर आहे. या दोन ‘बरोबर’मधून जे भांडण पेटते ते पुढच्या भागात पुन्हा पेटू शकते, कारण कोणाला हरवून ते संपवायचे नसते. माझ्या मुलीला खलनायिका सापडेना, याचे कारण रीमाताईंनी त्या बाईला आतून समजून घेतले होते.

जुलै २००० मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि हिंदी मालिकांतले घर बदलले. आठवड्यातून एकदा येणारा अर्ध्या तासाचा भाग गेला आणि रोजची मालिका आली. रोज काहीतरी घडवायचे तर कारस्थान लागते आणि कारस्थानासाठी वाईट माणूस लागतो. सासू-सून तशाच राहिल्या, पण त्यांच्यातले हसणे गेले. आमच्या मुलांनी आजी-आजोबांबरोबर पाहिलेल्या मालिका या नंतरच्या आहेत. भांडण म्हणजे कोणीतरी वाईट असणारच, हे तेराव्या वर्षी तिने गृहीत धरले, यात तिचा काय दोष?

रीमाताई स्वतः त्या बदललेल्या जगातही काम करत राहिल्या. २०१३ मध्ये झी मराठीवर ‘तुझं माझं जमेना’मध्ये त्या पुन्हा सासू म्हणून हसवायला आल्या, आणि अखेरीस ‘नामकरण’मध्ये कठोर दयावंती मेहता साकारत असतानाच अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता माझ्या मुलीच्या दुसऱ्या वाक्याकडे येते, कारण पहिल्यापेक्षा तेच मला अधिक लागले. आपण गप्प होतो. आई-वडील किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतात. त्यांना इथे चालत जाण्याजोगे ठिकाण नसते, बोलायला शेजार नसतो, आणि आपल्याला वाटते की एवढ्या लांबून आलेल्या माणसांशी वाद कशाला घालायचा. मग दूध कोणत्या भांड्यात तापवायचे, मुलांनी किती वाजता जेवायचे, हीटर किती अंशांवर ठेवायचा, यावरचे मतभेद मनात साठत जातात. विमानतळावर निरोप देताना सगळे रडतात आणि पुढच्या वेळी तिकीट काढताना दोन्ही बाजू कचरतात. हे सांगताना मला कोणाला दुखवायचे नाही. ही सौजन्याची किंमत आहे आणि ती आपण सगळेच मोजतो. पण याचा एक परिणाम आपल्या ध्यानात आलेला दिसत नाही. आपल्या मुलांच्या कानांवर मराठीतले भांडण पडतच नाही. त्यांच्या वाट्याला येते ती ‘जेवून घे’, ‘बूट काढ’, ‘आजीला नमस्कार कर’ एवढी मराठी. टोमणा, समजूत, रुसवा, उलट उत्तर आणि त्यातून अचानक फुटणारे हसू हे ज्या मुलाने घरात ऐकले नाही, त्याला मराठी विनोद रंगमंचावर कसा पेलणार?

म्हणून कार्यकारिणीला आणि आपल्या सर्वांनाच एक प्रेमाची तक्रार करते. आपल्या गणेशोत्सवात पूर्वी एकांकिका होत असे, आणि तिची तालीम दोन-दोन महिने कोणाच्या तरी तळघरात चाले. आता गेली काही वर्षे नृत्ये असतात, गाणी असतात, प्रश्नमंजूषा असते. भारतातून कलाकार आले की त्यांच्याबरोबर छायाचित्र काढायला रांग लागते, ती जेवणाच्या रांगेपेक्षा लांब असते. त्याच कलाकारांना कोणी आपल्या मुलांबरोबर एक तासभर वाचनाला बसवले, असे मी पाहिलेले नाही. नृत्य शिकवणारे वर्ग या शहरात आहेत, पण वाक्य कुठे थांबवायचे हे शिकवणारे कोणी उरले असेल तर ते या सभागृहात पहिल्या दोन रांगांत बसलेले आहेत, आणि त्यांना आपण अनेक वर्षांत बोलावलेले नाही.

या वर्षीच्या गणेशोत्सवात एका विनोदी एकांकिकेसाठी पाऊण तास राखून ठेवावा, अशी लेखी विनंती मी अध्यक्षांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. संहिता मिळेल, तळघर आमचे आहे, दिग्दर्शनाला पहिल्या रांगेतून दोघांनी होकार दिला आहे. अडचण नटांची आहे. पंधरा वर्षांखालील मुलांपैकी माझ्या ओळखीच्या ज्यांना मी विचारले, ती सगळी उत्साहाने तयार झाली. पण दोन पाने मोठ्याने वाचायला दिली तेव्हा प्रत्येक वाक्य त्यांनी शाळेतल्या कवितेसारखे एका सुरात म्हटले. राग, लाडिकपणा, टोमणा, सगळे एकाच सुरात. त्यांना अर्थ कळत होता. सूर कुठून आणायचा ते कळत नव्हते. सप्टेंबरपर्यंत तो त्यांना तालमीत सापडेल, की त्यासाठी आधी आपल्या घरांत काहीतरी बदलावे लागेल, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. तालमी जूनच्या पहिल्या शनिवारी सुरू होत आहेत. मुलांना घेऊन या, आणि घरी आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांनाही जरूर आणा.