गुडघ्याला चोळलेलं जेल आत जातं किती?

नमस्कार मंडळी! दादरचा पूल चढताना गुडघा कुरकुरला की घरी आल्यावर आपण जेल चोळतो. त्यातलं औषध आत किती जातं? फारच थोडं.

अडवतो तो त्वचेचा सगळ्यात वरचा थर. मेलेल्या पेशींचा, जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन जाडीचा, पण भलता चिवट. पेशींमधल्या फटी चरबीने भरलेल्या. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू इथे अडलाच म्हणून समजा.

[कुपी कॅमेऱ्यासमोर]

हे दुधट पाणी बघा. यात लेसिथिन नावाच्या चरबीचे सूक्ष्म पोकळ गोळे आहेत, म्हणजे लायपोसोम. औषध यांच्या पोटात भरायचं. पण साध्या लायपोसोमचं कवच ताठ, त्यामुळे ते वरच अडकून बसतात. 1992 मध्ये संशोधक ग्रेगोर त्सेव्त्स यांनी लवचिक गोळे पुढे आणले: ट्रान्सफरसोम. कवचात सोडियम कोलेट किंवा ट्वीन 80 सारखा साबणी पदार्थ मिसळला की ते दबतं, लांबट होतं. (लोकलच्या गर्दीचं उदाहरण मी देणार नाहीये, सगळेच देतात.)

त्यांना आत ओढतं कोण? त्सेव्त्स यांच्या मते, ओलावा. त्वचा वरून कोरडी, आतून ओली. जेल सुकू लागलं की गोळे ओलीकडे सरकतात. म्हणून असं जेल लावून वर प्लास्टिक गुंडाळलंत, तर ती ओढच जाते.

लॅबमध्ये हे तपासतात फ्रान्झ सेलवर. बकऱ्याची नाहीतर डुकराच्या कानाची कातडी काचेच्या दोन भागांमध्ये ताणून बसवायची, वर जेल, खाली बफर (शरीरातल्या द्रवासारखं खारं द्रावण), आणि तासातासाने खालचा नमुना काढायचा. कातडीवरचे केस काढणं हे यातलं सगळ्यात वैतागवाणं काम, एम. फार्म केलेल्या कुणालाही विचारा.

आता खरी गंमत. 2013 मध्ये गुडघ्याच्या संधिवातावरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला याच लवचिक गोळ्यांचं, किटोप्रोफेन हे वेदनाशामक भरलेलं जेल, दुसऱ्याला तेच जेल पण औषधाविना, आणखी एका गटाला सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या पोटात घ्यायच्या गोळ्या. औषधवालं जेल बिनऔषधाच्या जेलपेक्षा सरस ठरलंच नाही! उलट रिकामं जेल गोळ्यांच्या तुलनेतही कमी पडलं नाही. फ्लेक्सिसेक नावाने ते विकलंही गेलं.

मग आराम पडला कशाने? लेसिथिनमुळे सांध्याला वंगण मिळतं, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं. मला मात्र चोळण्याचा आणि विश्वासाचा वाटाही मोठा वाटतो. शिवाय गोळे अखंड आत जातात की वरच फुटून त्वचेतल्या चरबीचा थर सैल करतात, यावरही संशोधकांचं अजून एकमत नाही.