पहिला रकाना : उन्नतांश की नतांश?

मघाशी एकाने विचारलं, उपग्रह तोच, रिसीव्हर तोच, मग अंतर मोजण्यातली अनिश्चितता कोनागणिक बदलते कशी? जीपीएसचा उपग्रह डोक्यावर असला की संकेत हवेचा थर सरळ भेदून येतो. समुद्रसपाटीला तपांबरामुळे, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरामुळे, त्या अंतरात साधारण २.३ मीटरची भर पडते. तोच उपग्रह क्षितिजापासून ५ अंशांवर आला की वाट तिरकी होते आणि ही भर जवळपास दहापट होते. शिवाय जमिनीवर, पत्र्यांवर आपटून आलेले संकेत त्यात मिसळतात. म्हणून खालच्या उपग्रहावर भरवसा कमी.

किती कमी, ते प्रोग्रामला द्यायच्या तक्त्याच्या फाइलीत लिहायचं : पहिल्या रकान्यात कोन, पुढे त्या कोनाची अनिश्चितता. रूढ सूत्र असं : ‘ब’ला उन्नतांशाच्या (क्षितिजापासूनच्या कोनाच्या) साइनने भागा, त्याचा वर्ग करा, त्यात ‘अ’चा वर्ग मिळवा, वर्गमूळ काढा. ‘अ’ आणि ‘ब’ हे आपण निवडायचे स्थिरांक; दोन्ही ०.३ मीटर धरले तर ९० अंशांना ०.४२ येतं, ३०ला ०.६७, १०ला १.७५ आणि ५ला ३.४६ मीटर. शून्य अंशाची ओळ लिहूच नका, भागाकार अडेल.

आता बघा, ६० ते ९०मध्ये फरक जेमतेम ३ सेंटिमीटर. तिथे १० अंशांची पायरी चालेल. खाली मात्र ५ आणि १०च्या ओळींवरून साडेसात अंशांचा आकडा सरळ रेषेने काढलात, तर २.६० येतो, सूत्राने २.३२. तेव्हा खालच्या बाजूला एकेका अंशाची ओळ द्या. सगळीकडे सारखी पायरी ठेवायचा मोह असतो, दिसायला नीटनेटकं दिसतं ना!

खरी फजिती वेगळीच. आपल्या ज्योतिषग्रंथांत क्षितिजापासूनचा कोन तो उन्नतांश, खस्वस्तिकापासूनचा, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासूनचा, तो नतांश. अँटेनाच्या दुरुस्त्या ज्या अँटेक्स फाइलीत असतात, तिथे कोन नतांश असतो आणि आकडे मिलिमीटरमध्ये. मी एकदा तिथला कोनाचा रकाना जसाच्या तसा माझ्या तक्त्यात आणला. ८० अंशांवरच्या उत्तम उपग्रहाला १० अंशांची अनिश्चितता मिळाली, म्हणजे त्याचं वजन (गणितात त्याला मिळणारं महत्त्व, अनिश्चिततेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात) सुमारे १७ पटींनी घटलं. प्रोग्राम कुरकुरला नाही. उत्तर आलं, फक्त उंची भलतीच. ४५ अंशांवर दोन्ही कोन सारखेच, त्यामुळे तिथे तपासून काही कळत नाही. मी नेमकं तिथेच तपासलं होतं.

रिसीव्हरच्या नोंदी साठवायच्या, १९८९मध्ये आलेल्या रायनेक्स या फाइल-प्रकाराची एक सवय उचलण्यासारखी आहे : शीर्षभागातल्या प्रत्येक ओळीत ६१व्या स्थानापासून त्या ओळीचं नाव. तुमच्याही शीर्षभागात कोन कुठून मोजला, अंश की रेडियन, मीटर की मिलिमीटर, आणि आकडा अनिश्चिततेचा की तिच्या वर्गाचा, हे लिहा. रकाने ठरावीक रुंदीचे असतील तर टॅब नको, मोकळ्या जागाच. आणि फाइल देण्याआधी पहिली नि शेवटची ओळ बघा : ९०समोर सर्वांत लहान आकडा हवा.