खाली कर

(वाळपई. पावसात भिजलेलं कवायतीचं मैदान.)

हे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं वाळपई. पेडण्याचा असो की काणकोणचा, गोवा पोलिसात भरती झालेल्या शिपायाची पोलिसी इथल्या प्रशिक्षण केंद्रातून सुरू होते. घरी कोकणी, मराठी. मैदानावर हुकूम हिंदीतले, आणि शिकवणारा तो ‘उस्ताद’. हुकमांतला एक ‘खाली कर’, म्हणजे शस्त्र रिकामं कर.

(हात, अगदी जवळून.)

आता फक्त हात बघा. इन्सास रायफल आहे. तिचं मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचं. २० काडतुसं बसतात, बाहेरून दिसतातही. मॅगझिन काढून घेतलं की बंदूक रिकामी झाली, असं कोणालाही वाटेल. पण एक काडतूस त्याआधीच पुढे सरकून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी, बसलेलं असू शकतं. ते पोलादाच्या आड असतं. चुकून सुटलेली गोळी पुष्कळदा हीच असते.

म्हणून ‘खाली कर’ या हुकमाला क्रम आहे. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझिन काढायचं. मग बोल्ट, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग, मागे ओढून धरायचा आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं. अंधार असेल तर बोट घालून चाचपायचं. ‘जाँच शस्त्र’ म्हटल्यावर उस्तादही बघणार. त्यानंतरच ‘बोल्ट चला’, म्हणजे बोल्ट चालव.

हाच क्रम उलटा करून बघू. आधी बोल्ट ओढला. चेंबरमधलं काडतूस उडून जमिनीवर पडलं. ते पडलेलं दिसतं, म्हणून मन निश्चिंत होतं. पण बोल्ट पुढे येताना मॅगझिनमधलं दुसरं काडतूस घेऊन आला. आता मॅगझिन काढून काय उपयोग? कृती त्याच दोन, वेळही तेवढाच, आणि हातात भरलेली बंदूक.

(टेबलावर पिस्तूल.)

पिस्तुलात आणखी एक चकवा आहे. देशातल्या बऱ्याच पोलीस दलांकडे असलेलं ९ एमएमचं पिस्तूल इशापूरच्या कारखान्यात बनतं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीवर. मॅगझिनमध्ये १३ काडतुसं. मॅगझिन काढलेलं असताना ट्रिगर दाबला तरी घोडा (मागची हातोडी) पडत नाही, अशी त्याची रचना आहे. केली ती सुरक्षिततेसाठीच. पण ज्याला हे नीट शिकवलेलं नाही तो मॅगझिन काढतो, ट्रिगर दाबतो, काही होत नाही, आणि पिस्तूल रिकामं आहे असं समजून चालतो. चेंबरमधलं काडतूस जागच्या जागी. मॅगझिन परत घातलं की तोच ट्रिगर पुन्हा काम करू लागतो.

जुन्या ९ एमएम कार्बाइनचं तर तंत्रच निराळं. तिचा बोल्ट मागे थांबतो, पुढे येता येता काडतूस भरतो आणि तिथेच फोडतो. भरलेलं मॅगझिन तसंच ठेवून कोणी बोल्ट ओढायला गेला आणि अर्ध्यात हात निसटला, तर ट्रिगरला बोट न लावताही गोळी सुटू शकते. दलात अशी तीन-चार जातींची शस्त्रं एकाच शिपायाच्या हातून जातात. एकीवर बसलेली हाताची सवय दुसरीवर घात करू शकते.

(चांदमारी. रांगेत आडवे झालेले शिपाई, मागे लाल निशाण.)

ही चांदमारी, नेमबाजीच्या सरावाची जागा. इथे लाल निशाण असतं, कापूस घातलेले कान असतात, प्रत्येकामागे कोणीतरी उभं असतं. झाडलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पुंगळी मोजून परत द्यावी लागते. नेम किती लागले ते लिहून ठेवतात. बंदूक रिकामी कशी केली, याचेही गुण असायला हवेत. आणि ते नेमाच्या आधी असायला हवेत. कारण पुढच्या सगळ्या नोकरीत शिपाई गोळी क्वचितच झाडेल. शस्त्र भरणं-उतरवणं त्याला प्रत्येक ड्युटीला आहे.

(कोतचं दार. पहारा बदलतोय.)

ती जागा ही. कोत, म्हणजे शस्त्रं ठेवायची खोली. रात्रभर जागलेला एकजण शस्त्र जमा करतोय, दुसरा घाईने घेतोय, तिसरा नोंदवहीत नंबर लिहितोय. वाळूने भरलेली पेटी हवी ती इथे. नळीचं तोंड तिच्यात घालूनच शस्त्र उतरवायचं, म्हणजे चूक झालीच तर गोळी वाळूत जाईल. वर एक चांगला दिवा, आणि चेंबर बघायला दुसऱ्या माणसाचे डोळे. याला मोठा निधी लागत नाही. सरावाला खरी काडतुसंही लागत नाहीत. डमी काडतुसांवर रोज दहा मिनिटं पुरतात.

गोव्यात पावसाळ्याचे चार महिने खारी, दमट हवा लोखंडाला सोडत नाही. चिंधी, तेल, पुलथ्रू (नळी पुसायची दोरी), साफसफाई सतत. जितक्या वेळा शस्त्र हातात, तितक्या वेळा हा क्रम.

(शिगमोची गर्दी.)

गर्दीतही बोट ट्रिगरबाहेरच. माणूस दचकला, त्याचा तोल गेला किंवा त्याने दुसऱ्या हाताने काही घट्ट पकडलं, की पहिल्या हाताची बोटंही आपोआप आवळली जातात. शरीराचा हा धर्म आहे. हुकूम देऊन तो बदलत नाही.

(अलीगढ. सीसीटीव्हीचं चित्रण.)

डिसेंबर २०२३. उत्तर प्रदेशातल्या अलीगढचं पोलीस ठाणं. पासपोर्टच्या पडताळणीसाठी आलेली बाई, हातात पिस्तूल घेतलेला फौजदार. पिस्तुलातून गोळी सुटली आणि बाईंना लागली. काही दिवसांनी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

(सत्तरीतली काजूची बाग. खांद्यावर बंदूक घेतलेला शेतकरी.)

रानडुकरांपासून पीक राखायला इकडे परवान्याच्या बंदुका आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, आणि ठाण्याच्या टेबलावर अनोळखी शस्त्रांची रांग लागते. बारा बोअरची बंदूक मधून वाकवून उघडली की नळीचं बूड समोर दिसतं. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू भरायच्या, बंदुकीला उघडायला काही नसतंच. नळीत गज सोडून तो किती आत जातो ते बाहेरून ताडून बघायचं. गज तळापर्यंत गेला नाही, तर आत दारू आणि छर्रे आहेत असंच धरायचं. गोवा विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. त्याआधी प्रत्येक ठाण्यातल्या निदान दोन शिपायांना हा गज घालायला शिकवा, आणि त्या टेबलाशेजारी वाळूची पेटी ठेवा.