२४ व्होल्ट कुठे अडले?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिका आणि कॅनडातल्या आपल्या घरांमध्ये आता फर्नेस, म्हणजे घर उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या, सुरू व्हायला लागल्या आहेत, आणि दर वर्षी याच सुमाराला एक प्रश्न हमखास कानावर येतो. "भिंतीवरचा स्मार्ट थर्मोस्टॅट बंद पडलाय, स्क्रीन काळी ठिक्कर. नवा मागवू का?" माझं आज एवढंच सांगणं आहे की लगेच मागवू नका. बहुतेक वेळा थर्मोस्टॅट धडधाकट असतो, त्याच्यापर्यंत वीज पोचत नसते. ती कुठे अडली, हे थोडं डोकं शांत ठेवलं तर आपल्यालाही शोधता येतं. बाहेर उणे वीस असताना, घरात तान्हं बाळ किंवा पुण्याहून आलेले आई-बाबा असताना आणि टेक्निशियन परवाची वेळ देत असताना, हे माहीत असणं फार मोलाचं आहे.

ही वीज येते कुठून? फर्नेसच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो घरातल्या १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो आणि ते पातळ वायरींनी भिंतीपर्यंत जातात. जुना थर्मोस्टॅट, म्हणजे १९५३ साली हनीवेलने बाजारात आणलेला तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट घ्या, हा दिव्याच्या बटणासारखाच होता. गारवा वाढला की 'आर' (वीज आणणारी) आणि 'डब्ल्यू' (फर्नेसला सुरू व्हायला सांगणारी) या दोन वायरी जोडायच्या, ऊब आली की सोडायच्या. त्याला स्वतःला वीज लागतच नव्हती. आजच्या थर्मोस्टॅटला स्क्रीन आहे, वायफाय आहे. त्याला चोवीस तास वीज हवी, आणि ती परत जायला वाट हवी. ती वाट म्हणजे 'सी' वायर, कॉमन. आपल्यापैकी अनेकांची घरं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची आहेत आणि तिथे ही वायर जोडलेलीच नसते.

मग काही थर्मोस्टॅट काय करतात? हीटिंग किंवा कूलिंगच्या वायरीतूनच थोडा थोडा करंट घेऊन आतली बॅटरी भरत राहतात. तो इतका कमी घ्यायचा की फर्नेसमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चालू होता कामा नये. सगळ्याच फर्नेसना हे मानवत नाही. मध्येच रिले टकटक वाजायला लागतो, पंखा उगाच सुरू होतो.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात घ्या. स्क्रीन कशी गेली ते आठवा. आधी वायफाय तुटायला लागलं, मग स्क्रीन मंद झाली आणि दोन-चार दिवसांनी सगळं विझलं, असं झालं असेल तर बॅटरी हळूहळू उतरली आहे. वीज येते, पण पुरत नाही. संशय सी वायरवर घ्या. लोक इथे राउटरला दोष देतात आणि तो बदलूनही बघतात! वास्तविक बॅटरी वाचवायला थर्मोस्टॅट स्वतःच वायफाय बंद करतो. याउलट, काल रात्री उत्तम चालू होता आणि सकाळी एकदम काळा, असं असेल तर २४ व्होल्टच तुटले आहेत. इकोबी या कंपनीच्या थर्मोस्टॅटमध्ये बॅटरीच नसते, तो वीज गेली त्या क्षणी विझतो.

एकदम विझला असेल तर भिंतीकडे बघत बसू नका, बेसमेंटमध्ये जा. आधी ब्रेकर बघा. मग फर्नेसच्या अंगावर किंवा बेसमेंटच्या जिन्यापाशी असलेलं बटण. ते अगदी दिव्याच्या बटणासारखं दिसतं आणि घरी आलेले पाहुणे दिवा समजून ते बंद करतात. त्यानंतर फर्नेसचं दार. त्याच्या मागे एक छोटा स्विच असतो, दार नीट बसलं तरच तो दाबला जातो. फिल्टर बदलून दार अर्धवट लावलं की सगळी फर्नेस बंद, थर्मोस्टॅटही बंद. दार काढून पुन्हा खाचेत बसवा, बऱ्याच वेळा इथेच काम होतं.

नाही झालं, तर बटण आणि ब्रेकर दोन्ही बंद करून दार उघडा. आत हिरवट किंवा निळसर सर्किट बोर्ड दिसेल आणि त्यावर गाडीत असतो तसला पात्याचा फ्यूज, बहुधा ३ अँपचा जांभळा किंवा ५ अँपचा फिकट तपकिरी. तो काढून उजेडात धरा. आतली बारीक तार तुटलेली दिसली, तर तेवढ्याच अँपचा दुसरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळेल. मोठा फ्यूज घालू नका. त्याने ट्रान्सफॉर्मर जळेल.

उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी, आणि ती मला जास्त सांगावीशी वाटते, कारण तिथे खूप लोक फसतात. एसी चालू असताना कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, पाणी जमतं आणि एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीतून वाहून जातं. त्या नळीत शेवाळं साचतं. पाणी तुंबलं की एक तरंगता स्विच, फ्लोट स्विच, वर उचलला जातो आणि तळघरात पूर येऊ नये म्हणून वीज तोडतो. काही घरांत तो आर वायरवरच बसवलेला असतो, आणि मग भर जुलैच्या दुपारी थर्मोस्टॅट काळा! मूळ दोष पुष्कळदा धुळीने भरलेल्या फिल्टरचा असतो. हवा अडली, कॉइलवर बर्फ धरला, तो एकदम वितळला, पाणी वाहिलं. अशा वेळी नळीच्या बाहेरच्या तोंडाला ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम लावा. तो हिरवट-काळा बुळबुळीत गोळा बाहेर येतो आणि काही मिनिटांत स्क्रीन परत उजळते. पुढे उन्हाळाभर महिन्यातून एकदा त्या नळीत कपभर व्हिनेगर ओतत जा.

आता हळूहळू विझणाऱ्याकडे येऊ. गूगलच्या नेस्ट या ब्रँडच्या ज्या लर्निंग थर्मोस्टॅटला मागे यूएसबीची जागा आहे, तो भिंतीवरून ओढून काढा आणि फोनच्या चार्जरला लावा. तात्पुरती सोय होईल. सेटिंग्जमध्ये बॅटरीचे व्होल्ट दिसतात, ३.६ च्या खाली गेले की त्याचा जीव चाललाय समजा. कायमचा उपाय सी वायर हाच. फर्नेसची वीज बंद करून थर्मोस्टॅटची पाटी काढा आणि भिंतीतल्या केबलकडे नीट बघा. पुष्कळदा एक न वापरलेली निळी वायर आत गुंडाळून ठेवलेली सापडते. तिचं दुसरं टोक फर्नेसच्या बोर्डावरच्या सी ला आणि हे टोक थर्मोस्टॅटच्या सी ला जोडलं की प्रश्न मिटला. जादा वायर नसेल तर फर्नेसपाशी बसवायचा ॲडॅप्टर मिळतो, इकोबीच्या पुष्कळ मॉडेलांबरोबर तो खोक्यातच येतो. मात्र वायरी सोडवण्याआधी फोटो काढाच. आणि वीज चालू असताना आर आणि सी एकमेकांना टेकले, की बोर्डावरचा तोच फ्यूज गेला म्हणून समजा.

एक कळकळीची विनंती. पाटी काढल्यावर बारीक रंगीत वायरींऐवजी दोन-चार जाड वायरी दिसल्या, तर हात लावू नका. टोरांटो, माँट्रियलकडच्या ज्या अपार्टमेंटमध्ये भिंतीला खालून इलेक्ट्रिक हीटर असतात, तिथे थेट २४० व्होल्ट येतात. त्यांना हे थर्मोस्टॅट चालतच नाहीत.

दोष खरोखर थर्मोस्टॅटचाच असू शकतो, हेही खरं. २०१६ च्या जानेवारीत नेस्टच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीने बॅटऱ्या उतरल्या होत्या आणि ऐन थंडीत लोकांची घरं गार पडली होती. पण आर आणि सी मध्ये मल्टीमीटरने, म्हणजे व्होल्ट मोजायच्या मीटरने, २४ च्या आसपास व्होल्ट दिसत असतील, तरच तो संशय घ्या. मीटर एसी (इथे आल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर ठेवायला विसरू नका.

आणि नवा घातलेला फ्यूज पुन्हा उडाला, तर तिसरा घालू नका. कुठेतरी शॉर्ट आहे. टेक्निशियनला बोलवा आणि त्याला बाहेरच्या एसी युनिटकडे जाणारी पातळ केबल आधी बघायला सांगा. गवत कापायच्या यंत्राची दोरी लागून तिचं आवरण सोललेलं असतं, किंवा उंदराने कुरतडलेलं.