ओढ्याच्या गाळातला गेरू

मंडळी, सुरुवात करण्याआधी या दोन पुड्या पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या. उघडून बघा, फक्त फुंकर मारू नका. एकीत पिवडी आहे, जुन्या घरांच्या भिंतींना चुन्यात कालवून लावायचे तीच. दुसरीतही तीच पिवडी आहे. काल संध्याकाळी मी ती घरच्या लोखंडी तव्यावर भाजली. आता तांबडी दिसेल. तो तवा यापुढे पोळ्यांना चालणार नाही, हे मला घरी स्पष्ट सांगण्यात आलं आहे.

पिवळ्या मातीतल्या लोखंडाशी पाणी बांधलेलं असतं. तापवलं की ते निघून जातं आणि पिवळ्याचा लाल होतो. तुमच्या रंगपेटीतल्या बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचं नावच इटलीतल्या सिएना गावच्या भाजलेल्या मातीवरून पडलं. आज ज्या ओढ्याबद्दल बोलायचं आहे, त्याची गोष्ट याच भाजण्यापाशी येऊन पोचते.

ओढ्याचं नाव संडे क्रीक. अमेरिकेत, ओहायो राज्याच्या आग्नेय भागातून वाहत तो हॉकिंग नदीला मिळतो आणि हॉकिंग पुढे ओहायो नदीला. हा सगळा दगडी कोळशाचा मुलूख. खाणी बंद पडल्या, मालक निघून गेले, बोगद्यांत पाणी भरलं. कोळशाच्या थरात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक. त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं आणि लोखंड पाण्यात विरघळतं. उघड्यावर आलं की ते पाणी अक्षरशः गंजतं. तळाच्या गोट्यांवर नारिंगी साय धरते आणि तिच्याखाली किडे, माशांची अंडी, सगळं गुदमरतं. ट्रूटाउन या ठिकाणी अशा एकाच तोंडातून मिनिटाला सुमारे ३,७०० लिटर पाणी बाहेर पडतं. त्यातल्या लोखंडाचं दिवसाला अडीच टनांहून जास्त लोहऑक्साइड होईल. खाणजमिनी पूर्ववत करण्याचा कायदा तिथे १९७७ साली आला. त्याआधी सोडून दिलेल्या खाणींबद्दल जाब विचारायला मालकच उरलेला नाही.

ओहायो विद्यापीठात गाय रीफ्लर पर्यावरण अभियांत्रिकी शिकवतात. त्यांचा हिशेब व्यवहारी: पाणी स्वच्छ करायला पैसा लागतो, तो त्याच पाण्यातलं लोखंड रंगद्रव्य म्हणून विकून उभा करावा. त्याच विद्यापीठात जॉन सॅब्रॉ चित्रकला शिकवतात. नारिंगी ओढे बघून त्यांच्या मनात आलं ते कुठल्याही चित्रकाराच्या मनात आलं असतं, की याचा रंग करता येईल. दोघांची गाठ पडली आणि काम सुरू झालं.

इथे जरा थांबतो. अशा प्रकल्पांत चित्रकाराला सहसा शेवटी बोलावतात. अहवाल छापायला निघालेला असतो, मग फोन येतो, ‘मुखपृष्ठाचं तेवढं बघा.’ मीही अशी मुखपृष्ठं केली आहेत, मानधन घेऊन, त्यामुळे फार तक्रार करायला तोंड नाही. सॅब्रॉंना मात्र भट्टीपाशी जागा मिळाली. पाण्यात हवा खेळवायची, आम्ल मारायचं, लोखंड तळाला बसू द्यायचं, मग तो गाळ धुवायचा, वाळवायचा, भाजायचा. आच कमी-जास्त केली की पिवळसर तपकिरी, गंजासारखा लाल, आणखी चढवली की जांभळट. पाण्यातून लोखंड निघालं की ओढ्यापुरतं भागतं. रंगाचं तसं नाही. तेलात घोटून आणि पांढऱ्यात मिसळून बघितल्याखेरीज त्याचा स्वभाव कळत नाही. गाळात मळ राहिला असेल तर तिथे तो लगेच उघडा पडतो. माझ्या मते चित्रकार सोबत असण्याचा खरा उपयोग हा. त्याच्या डोळ्याला ‘साधारण शुद्ध’ चालत नाही.

पुढे गॅम्ब्लिन या रंग बनवणाऱ्या कंपनीने या गाळाचे तीन तैलरंग काढले: ब्राउन ओकर, रस्ट रेड आणि आयर्न व्हायोलेट. सॅब्रॉ स्वतः याच रंगांनी मोठाली वर्तुळाकार चित्रं करतात.

पण भाबडेपणा नको. चित्रकार नळीतून वाटाण्याएवढा रंग काढतो आणि तोही दिवसभर पुरवतो. रोजचे अडीच टन आपल्याच्याने संपायचे नाहीत. लोहऑक्साइड टनांनी खपतं ते रंगीत काँक्रीटमध्ये, विटांत, घरांच्या रंगांत. म्हणूनच रूरल अॅक्शन ही तिथली संस्था ‘ट्रू पिगमेंट्स’ या नावाने कारखाना उभा करायच्या मागे लागली आहे. चित्रांनी त्या गाळाला नाव मिळवून दिलं. बाजार मिळवणं हे वेगळं आणि बरंच कंटाळवाणं काम आहे.

आपल्याकडे गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवळांच्या भिंतींवर काव आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो कोरून खालचा पांढरा दाखवायचा. तो तांबडा जांभ्याच्या मातीतला, म्हणजे लोखंडाचाच. कारागिराला आपली माती कुठली ते ठाऊक असायचं. आपण दुकानातून गेरूची पुडी आणतो आणि तुळशीवृंदावनाला फासतो. ती कुठून आली, हे मीही कधी विचारलेलं नाही.

पुड्या मागच्या रांगेत पोचलेल्या दिसतात. तांबडी ज्यांच्या हातात आहे त्यांनी बोटं कपड्यांना पुसू नका. लोखंडाचा डाग आहे, सहजी निघत नाही.