पाठ नसलेला मीना

मित्रहो, मीना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जयपूरचं काम येतं. सोन्यात खाचा कोरायच्या, रंगीत काचेची पूड भरायची, भट्टीत वितळवायची. खाली सोनं असतंच. उजेड काचेतून जातो, सोन्यावर आपटतो आणि परत येतो. आज ज्या मीन्याबद्दल मी बोलणार आहे, त्याला पाठच नाही. फ्रेंचमध्ये त्याला 'प्लीक-आ-झूर' म्हणतात. 'झूर' म्हणजे दिवस, उजेड. सोन्याची बारीक जाळी आणि तिच्या घरांत नुसती काच.

युरोपात हे काम मध्ययुगातही होत होतं. 1400च्या सुमाराचा मेरोड कप लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आजही आहे. पुढे ही विद्या जवळजवळ विसरली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फेर्नां तेस्मार यांनी लहान लहान वाट्या घडवून ती परत आणली, आणि मग पॅरिसच्या जवाहिऱ्यांनी ती उचलली.

करायला फार अवघड. जाळीमागे तांब्याचा पातळ पत्रा लावतात. धुतलेली ओली पूड एकेका घरात भरून साधारण 800 अंशांच्या भट्टीत काही मिनिटं ठेवतात. पूड वितळली की खाली बसते, घर पुरतं भरत नाही. पुन्हा भरायचं, पुन्हा भाजायचं. शेवटी आम्लात पत्रा विरघळवतात. तांबं जातं, सोनं राहतं. खरी भीती निवताना असते. धातू आणि काच सारख्या आकसल्या नाहीत तर तडा जातो, आणि मागे आधार नसल्यामुळे तो आरपार जातो. इतके दिवसांचे कष्ट एका क्षणात वाया! म्हणूनच पॅरिसचे जवाहिरे रने लालीक यांच्या नावाबरोबर मीनाकार एजेन फ्यॉयात्र, आणि जवाहिरे जॉर्ज फूके यांच्यासाठी मीना करणारे एत्येन तूरेत ही नावंही आपण घ्यायला हवीत. भट्टीसमोर ही माणसं उभी होती.

आता एक साधी अडचण बघा. असा दागिना काळ्या पोशाखावर टाचला की उजेड येणार कुठून? काच मुकी होते. त्यामुळे हा मीना खुलतो तो केसांत खोवायच्या फणीवर. फणीचा माथा केसांच्या वर उभा राहतो, मागून दिव्याचा उजेड येतो आणि पानं, पाकळ्या पेटतात.

हा फोटो लालीक यांच्या चतुराचा, म्हणजे त्या कीटकाच्या आकाराच्या, छातीवर टाचायच्या दागिन्याचा. 1897-98च्या सुमारास घडवलेला, 1900च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेला. आता लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. चतुराच्या तोंडातून एक स्त्री वर येते आहे. पंखांची रुंदी सव्वीस सेंटिमीटरांहून थोडी जास्त. हिरे आहेत, चंद्रकांत मणीही आहेत, पण माझी नजर दर वेळी पंखांवरच जाते. खऱ्या चतुराच्या पंखात असतात तशा शिरा सोन्याच्या, आणि शिरांमधल्या घरांत निळी-हिरवी काच. हे पंख बिजागऱ्यांवर बसवले आहेत. घालणारीने श्वास घेतला की ते किंचित हलत असतील.