द्रावकाला सही वाचता येत नाही

(पांढऱ्या टेबलावर पसरलेली पांढरी जर्सी. कॅमेरा वरून, स्थिर.)

ही जर्सी धुतलेली नाही, आणि धुवायचीही नाही. छातीवर काळ्या मार्करने केलेली सही आहे. सहीच्या वर त्याच मार्करची, त्याच हातची एक ओळ आहे: अमुक तमुकला शुभेच्छा. आणि खाली उजव्या कडेला, शिवणीपासून चार बोटं वर, एक रेघ. ती कुणी ओढलेली नाही. टोपण न लावलेला मार्कर घाईत जर्सीच्याच पिशवीत पडला, एवढंच.

म्हणजे एका कापडावर तीन जागी शाई. सही हवी आहे. रेघ नको आहे. वरच्या ओळीबद्दल मालकाचं मन ठरत नाही, कारण शुभेच्छा ज्याला दिल्यात तो हा नव्हे.

अडचण अशी की तिन्हीकडची शाई एकाच पेनातली. जे रेघेला विरघळवेल ते सहीलाही विरघळवेल. द्रावकाला सही वाचता येत नाही.

(मार्करचं टोक, अगदी जवळून.)

पर्मनंट मार्करच्या पोटात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंग, राळ आणि दोघांना पातळ ठेवणारं अल्कोहोल. लिहिलं की अल्कोहोल उडून जातं आणि राळ रंगाला धाग्याशी धरून ठेवते. ‘पर्मनंट’ हा शब्द पाण्याच्या हिशेबाने खरा आहे. पाण्याला ही राळ दाद देत नाही. पण ज्या अल्कोहोलातून ती आली ते पुन्हा मिळालं, की तिची पकड सुटते.

आता कापड. आजच्या बहुतेक जर्सी पॉलिएस्टरच्या. या धाग्याचं पेटंट 1941 सालचं, इंग्लंडमधल्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांचं. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. नेहमीच्या हवेत कापूस वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा धरतो, लोकर 16 च्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून घाम झटकन वाळतो. म्हणूनच ताजी शाईसुद्धा धाग्याच्या आत न शिरता वर वर बसलेली असते. ही आपल्या बाजूची गोष्ट.

ती बाजू हातची घालवायची असेल तर एकच करावं: इस्त्री फिरवावी. कारखान्यात पॉलिएस्टर रंगवतात ते 130 अंशांच्या आसपास, दाबाखाली, कारण साधारण 70-80 अंशांच्या पुढे हा धागा आतून सैल पडतो आणि रंगाला वाट देतो. डागावर इस्त्री, ड्रायर किंवा कढत पाणी म्हणजे घरच्या घरी रंगाई. तो डाग मग डाग राहत नाही, कापडाचाच रंग होतो.

(जर्सी उलटी केली जाते. खाली टीपकागदाची चळत.)

आधी चाचणी. आतल्या शिवणीत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब. त्यावर पांढरा कापूस दाबून ठेवायचा. कापसावर जर्सीचा स्वतःचा रंग उतरला तर बाटली बंद करायची. नायलॉनच्या जुन्या गडद जर्सींमध्ये हे होतं. पांढऱ्यावर ही भीती कमी, पण बाहीवर लाल पट्टी असेल तर तिचीही वेगळी चाचणी हवी.

या जर्सीचा कापूस पांढराच राहिला.

आता मुख्य काम, आणि ते दिसायला अगदी मिळमिळीत आहे. रेघ खाली तोंड करून टीपकागदावर. अल्कोहोल मागच्या बाजूने, ड्रॉपरने, थेंब थेंब. वरून दाबायचं, थांबायचं, उचलायचं, कागद बदलायचा. घासायचं नाही. घासलं की पॉलिएस्टरचा बारीक धागा पिंजला जातो, आणि शाई निघाली तरी ती जागा उजेडात खरखरीत दिसत राहते. शिवाय घासताना शाई आडवी पसरते. आपल्याला ती खाली न्यायची आहे.

शाई ‘पुसली’ असं आपण म्हणतो, पण ती नाहीशी होत नाही. ती फक्त जागा बदलते. वड्याचं तेल वांग्यावर काढणं एरवी वाईट. इथे नेमकं तेच करायचं असतं. जर्सीवरची शाई कागदावर. कागद भरला आणि तो बदलायचा कंटाळा केला, तर तीच शाई परत वर चढते.

(टीपकागद, खूप जवळून. काळ्या ठिपक्याभोवती रंगांची वर्तुळं उमलताना.)

इथे कॅमेरा जरा थांबू दे.

मार्करचा काळा रंग बहुतेकदा एकटा नसतो. जांभळा, निळा, पिवळसर असे दोन-चार रंग मिळून तो काळा झालेला असतो. अल्कोहोल पसरतं तसे ते सुटे होतात. एक पुढे धावतो, एक मधे रेंगाळतो, एक जागचा हलत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत खडूवर किंवा गाळणकागदावर शाईचे रंग वेगळे केलेले आठवत असतील, तर हे तेच आहे. आणि ‘डाग काळा होता, आता जांभळा झाला, बिघडलं की काय’ या घाबऱ्या प्रश्नाचं उत्तरही हेच. बिघडलेलं नाही. हलके रंग गेले, चिवट उरला.

दुसरा धोका कडेचा. अल्कोहोल भराभर उडतं, आणि ओल जिथे संपते तिथे वाहून आणलेला रंग टाकून देते. त्याचं वर्तुळ उमटतं. म्हणून डागाच्या बाहेरून आत यायचं, आतून बाहेर नाही, आणि ओली जागा जमेल तितकी लहान ठेवायची. आपली रेघ सहीपासून वीतभर लांब आहे, म्हणून निभावतंय. दोन बोटांवर असती, तर हे काम घरचं नव्हतं.

ते मग वस्त्रसंवर्धकाचं, म्हणजे जुनी कापडं जपणाऱ्या तज्ज्ञाचं काम. त्यांच्याकडे खालून हवा ओढणारं टेबल असतं, म्हणजे द्रव आडवा पसरण्याआधीच खाली खेचला जातो. त्यांच्याकडे सायक्लोडोडेकेन नावाचा एक मेणासारखा पदार्थही असतो. तो नाजूक जागेवर लावून बांध घालतात, आणि काम झालं की काही दिवसांत तो कापरासारखा आपोआप हवेत उडून जातो. मला विचाराल तर या सगळ्या धंद्यातली ही सगळ्यात देखणी युक्ती.

(पेनांची रांग: बॉलपेन, जेल पेन, चंदेरी मार्कर.)

बाकीच्या शायांबद्दल थोडक्यात. बॉलपेनची शाई घट्ट, तेलकट. अल्कोहोलला ती बऱ्यापैकी ऐकते. जेल पेनमध्ये बहुधा विरघळणारा रंग नसून रंगाची भुकटी असते. ती विणीत अडकते, आणि द्रावक वरून वाहून जातो. गडद जर्सीवर सह्या घेतात त्या चंदेरी-सोनेरी मार्करमध्ये धातूची पूड असते. तो खरं तर पेंट. चिकटवणारा थर निघाला तरी चमचम मागे राहते. या दोन्हींच्या बाबतीत निम्मा डाग गेला तर नशीब समजावं.

ॲसिटोनच्या मोहात पडू नये. पॉलिएस्टरला ते विरघळवत नाही हे खरं, पण पाठीवरचा आकडा आणि छातीवरचं प्रायोजकाचं नाव बहुधा उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक असतं. ॲसिटोन लागलं की ते मऊ पडतं, सुरकुततं. ब्लीचचं तर नावच नको: लोकर त्यात अक्षरशः विरघळते, स्पॅन्डेक्स या ताणल्या जाणाऱ्या धाग्याची लवचीकता जाते. आणि जुन्या संग्रहात लोकर भेटतेच. अमेरिकन बेसबॉलचे संघ लोकरी फ्लॅनेल घालूनच खेळत. 1970 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी विणलेला कृत्रिम धाग्याचा पोशाख आणला आणि मग इतर संघ त्या वाटेने गेले.

हो, आणि खिडकी उघडी ठेवा. अल्कोहोलची वाफ पेट घेते.

(कॉलरची आतली बाजू. फिकट झालेला एक आकडा.)

हा दुसऱ्या एका जर्सीचा कॉलर. आत शाईने लिहिलेला आकडा, वाकडातिकडा, धुऊन धुऊन विटलेला. नवखा संग्राहक आधी यालाच काढायला धावेल. पण कपडे धुलाईत मिसळू नयेत म्हणून संघाचे सामान सांभाळणारे लोक असे आकडे लिहीत. जर्सी खरोखर मैदानावर वापरलेली आहे, याच्या पुराव्यांपैकी तो एक. गवताचा डाग, रफू, घामाची पिवळसर कड ही सगळी त्याच घराण्यातली.

अमेरिकन बेसबॉलपटू बेब रूथने 1932 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, घातलेली जर्सी 2024 साली 2 कोटी 41 लाख डॉलरहून अधिक किमतीला लिलावात गेली. ती तीच आहे हे ठरवायला जुन्या छायाचित्रांशी कापडाचे बारकावे जुळवून पाहिले होते. तिच्यावर कुणी आधी ‘स्वच्छता मोहीम’ राबवली असती तर जुळवायला काय उरलं असतं?

(अंधार. अतिनील दिवा लागतो. काळसर कापडावर एक निळसर ठिपका.)

हा ठिपका साध्या उजेडात दिसत नव्हता. बऱ्याच डिटर्जंटमध्ये चमक आणणारी द्रव्यं असतात. ती या दिव्याखाली निळी उजळतात. कुणीतरी इथे काहीतरी धुतलंय.

म्हणूनच पहिल्या जर्सीवरच्या त्या शुभेच्छांच्या ओळीचा प्रश्न साधा नाही. नाव काढून सही ठेवली तर जर्सी विकायला सोपी, असा हिशेब केला जातो. काढणं गुन्हा नाही. वस्तू ज्याची त्याची. पण काढून न सांगता विकणं ही फसवणूकच आहे. आणि ओळ सहीला इतकी खेटून आहे की एक थेंब चुकला तर दोन्ही जातील. ही ओळ आहे म्हणून सहीसुद्धा खरी वाटते, हेही आहेच: नुसत्या सहीपेक्षा हाताचं वळण वाक्यात जास्त सापडतं. मी असतो तर हात लावला नसता.

मालकानेही लावला नाही.

(पुन्हा पहिलं टेबल. दिवसाचा उजेड उतरलेला.)

सात टीपकागद झाले. शेवटच्या दोघांवर काहीच उतरलं नाही. कडेला फिकट जांभळी सावली उरलीय. माहीत असेल तरच दिसते. आठवा कागद घेतलेला नाही. जर्सी सपाट, सावलीत वाळतेय.

बाजूला एक कार्ड. त्यावर पेन्सिलने लिहिलंय: “उजवी खालची कड. मार्करची रेघ. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मागून. थोडी छटा शिल्लक. सही आणि वरची ओळ जशीच्या तशी.”

पेन या खोलीत आणलेलंच नाही.